एक मीटर अठ्ठावीस सेंटिमीटर : स्पार्क, इटर आणि लहान टोकामॅकचा हिशेब

५ सप्टेंबर २०२१. अजून उजाडायचं होतं. अमेरिकेत एमआयटीच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेत इंग्रजी ‘डी’च्या आकाराचं, सुमारे दहा टनांचं एक चुंबक उणे २५३ अंश सेल्सियसपर्यंत थंड करून ठेवलं होतं. त्यातला प्रवाह हळूहळू चढवत नेला. चाळीस हजार अँपियर ओलांडले आणि चुंबकाच्या तारेवरचं चुंबकीय क्षेत्र २० टेस्लाला पोचलं (टेस्ला हे या क्षेत्राचं एकक). याच प्रयोगशाळेत आधी जी तांब्याची चुंबकं होती, त्यांना चालू ठेवायला २० कोटी वॅट लागायचे. या नव्या चुंबकाला लागले सुमारे ३० वॅट. एवढ्यात घरातला एखादा दिवा जळतो.

‘कॉम्पॅक्ट फ्यूजन’, म्हणजे लहान यंत्रात हलकी अणुकेंद्रं जोडून ऊर्जा मिळवणं, हा शब्द तेव्हापासून प्रत्येक बातमीत दिसतो. इकडे फ्रान्सच्या दक्षिणेला इटर नावाचं अवाढव्य यंत्र वर्षानुवर्षं उभं राहतंय, तिकडे अशा चुंबकांच्या जोरावर एक खासगी कंपनी म्हणते की तेच काम चाळिसाव्या हिश्श्याच्या प्लाझ्मात, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूत, करून दाखवू. ऐकणाऱ्याला वाटतं, यातलं कोणीतरी एक खुळं असणार. मला तसं वाटत नाही. म्हणून हे एकच प्रकरण नीट उलगडून पाहायचं ठरवलं: त्या कंपनीचं यंत्र स्पार्क विरुद्ध इटर. दोन्ही टोकामॅक, म्हणजे कड्याच्या आकाराच्या चुंबकीय पिंजऱ्यात प्लाझ्मा कोंडणारी यंत्रं; दोन्हींचं इंधन ड्यूटेरियम आणि ट्रिटियम, ही हायड्रोजनची जड रूपं; दोन्हींच्या आराखड्यात प्लाझ्मा तापवायला ओतलेल्या उष्णतेच्या दहापटीच्या आसपास फ्यूजन ऊर्जा. फरक आहे तो आकाराचा. त्या आकाराची किंमत कुठे चुकवावी लागते, एवढाच माझा प्रश्न आहे.

आधी एक गोंधळ बाजूला काढतो. कॉम्पॅक्ट या नावाखाली बाजारात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी विकल्या जातात. २०१४ मध्ये लॉकहीड मार्टिनने ट्रकवर मावेल अशा १०० मेगावॅटच्या भट्टीची घोषणा केली. तिची रचना टोकामॅकपेक्षा पूर्ण वेगळी होती, आणि काही वर्षांनी तो प्रकल्प गाजावाजा न होता गुंडाळला गेला. गाभा कोरून काढलेल्या सफरचंदासारखे गोलसर टोकामॅक आहेत, धुराच्या वलयासारखा प्लाझ्मा एकमेकांवर आदळवणारे आहेत. यांना एका तराजूत घालून ‘लहान चांगलं की मोठं’ असं विचारण्यात अर्थ नाही. स्पार्कचं तसं नाही. त्याचं भौतिकशास्त्र इटरचंच आहे, फक्त चुंबक बदललं आहे. म्हणून तुलना करायला हे प्रकरण सोयीचं.

इटरही एकेकाळी छोटाच होता

‘पारंपरिक’ म्हणून आज इटरकडे बोट दाखवलं जातं, पण तो स्वतः काटछाट करून लहान केलेला आराखडा आहे. १९९८ मध्ये तयार झालेल्या मूळ आराखड्यात प्लाझ्माच्या कड्याची मोठी त्रिज्या, म्हणजे यंत्राच्या मध्यरेषेपासून कड्याच्या गाभ्यापर्यंतचं अंतर, आठ मीटरच्या वर होती आणि फ्यूजन शक्ती १,५०० मेगावॅट. खर्चाचा आकडा पाहून देश बिचकले, अमेरिका काही वर्षं बाहेरच पडली. मग २००१ मध्ये साधारण निम्म्या खर्चाचा नवा आराखडा आला: मोठी त्रिज्या ६.२ मीटर, लहान त्रिज्या (कड्याच्या गाभ्यापासून त्याच्या कडेपर्यंत) २ मीटर, प्लाझ्माच्या मध्यावर क्षेत्र ५.३ टेस्ला, प्रवाह १.५ कोटी अँपियर, ५० मेगावॅट ओतून ५०० मेगावॅट फ्यूजन शक्ती. आज दक्षिण फ्रान्समधल्या काडाराशला जे उभं राहतंय ते हेच.

हा ५.३ चा आकडा कुणी लहर म्हणून निवडलेला नाही. त्या काळी कारखान्यात टनावारी बनवता येईल अशी अतिवाहक, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेणारी, तार होती नायोबियम-कथिलाची. ती द्रव हीलियमच्या तापमानाला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर साडेचार अंशांवर चालते, आणि क्षेत्र फार वाढलं की तिची अतिवाहकता गळून पडते. इटरच्या मुख्य कॉइलवर, म्हणजे तारेच्या मोठ्या गुंडाळीवर, जास्तीत जास्त क्षेत्र ११.८ टेस्ला आहे. या तारेकडून याहून फारसं काढून घेता येत नाही. शिवाय ती काचेसारखी ठिसूळ. म्हणून आधी कच्च्या अवस्थेत गुंडाळायची आणि मग अख्खी गुंडाळी साडेसहाशे अंशांवर दिवसचे दिवस भाजायची, तेव्हा कुठे तिच्यात अतिवाहक संयुग तयार होतं. अशा १८ कॉइल, प्रत्येक १७ मीटर उंच आणि तीनशे टनांहून जड. क्षेत्र वाढवता येत नाही म्हटल्यावर हाती उरतो एकच उपाय, आकार वाढवणं. इटर मोठा आहे तो त्याच्या तारेमुळे.

स्पार्कचे आकडे आता शेजारी ठेवू. मोठी त्रिज्या १.८५ मीटर, लहान ०.५७. मध्यावरचं क्षेत्र १२.२ टेस्ला, प्रवाह ८७ लाख अँपियर. प्लाझ्माचं आकारमान सुमारे २० घनमीटर. इटरचं ८३० च्या आसपास. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आराखड्यानुसार फ्यूजन शक्ती १४० मेगावॅटपर्यंत आणि क्यू, म्हणजे ओतलेल्या शक्तीच्या किती पट मिळते तो आकडा, सुमारे ११.

प्लाझ्माच्या नजरेतून

यातला एक हिशेब मला फार आवडतो, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

चुंबकीय क्षेत्रात अडकलेला कण सरळ जात नाही, क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत पुढे सरकतो. क्षेत्र दुप्पट केलं की गिरकी निम्म्याने लहान होते. उष्णता बाहेर झिरपते ती याच गिरक्यांच्या मापाने, एकेक पायरी टाकत. म्हणजे प्लाझ्माला आपण किती मोठे आहोत हे मीटरमध्ये कळत नाही. मध्यापासून कडेपर्यंत किती गिरक्या मावतात, तेच त्याचं माप. तापमान सारखं धरलं तर ही संख्या लहान त्रिज्या गुणिले क्षेत्र याच्या प्रमाणात असते. इटरसाठी २ गुणिले ५.३, म्हणजे १०.६. स्पार्कसाठी ०.५७ गुणिले १२.२, म्हणजे जवळजवळ ७. बाहेरून मोजलं तर प्लाझ्मा चाळिसाव्या हिश्श्याचा, पण त्याच्या स्वतःच्या मापाने इटरच्या दोन-तृतीयांश. कंपनीचा दावा मला पोरकट वाटत नाही, त्याचं मुख्य कारण हे.

दुसरा हिशेब शक्तीचा. फ्यूजन प्लाझ्माच्या दाबाच्या वर्गाने वाढतं, आणि चुंबक किती दाब पेलू शकतं ते क्षेत्राच्या वर्गाने. दोन्ही जोडले की प्रत्येक घनमीटरातली शक्ती क्षेत्राच्या चौथ्या घाताने वाढते. १२.२ भागिले ५.३ म्हणजे २.३, त्याचा चौथा घात २८. प्रत्यक्षात स्पार्कमध्ये दर घनमीटरला ७ मेगावॅट येतात आणि इटरमध्ये ०.६, म्हणजे साधारण बारापट. अठ्ठावीसऐवजी बाराच का? कारण स्पार्कच्या आराखड्यात प्लाझ्माला त्याच्या दाबाच्या मर्यादेजवळ नेलेलंच नाही. मिळालेल्या क्षेत्राचा बराच भाग त्यांनी शिल्लक ठेवला आहे. घनतेचंही तसंच. प्लाझ्मा किती दाट करता येईल याची मर्यादा प्रवाह भागिले छेदाचं क्षेत्रफळ अशी ठरते, आणि त्या हिशेबाने स्पार्कला इटरच्या सातपट दाट जाण्याची मुभा आहे. ती मुभाही ते जेमतेम वापरतात. बातम्यांत या यंत्राला धाडसी म्हणतात. प्लाझ्माच्या बाबतीत मात्र हा आराखडा चांगलाच सावध आहे. धाडस दुसरीकडे आहे.

हे सगळं कागदावरचं नाही, हेही सांगायला हवं. त्याच प्रयोगशाळेत अल्केटर सी-मॉड नावाचा टोकामॅक होता, मोठी त्रिज्या फक्त ०.६७ मीटर. २०१६ च्या सप्टेंबरअखेर, बंद होण्याच्या शेवटच्या दिवशी, त्याने प्लाझ्माच्या दाबाचा तेव्हाचा विक्रम केला: दोन वातावरणांहून थोडा जास्त. चुंबक तांब्याचं, त्यामुळे एक-दोन सेकंदांत तापून थांबायचं. क्षेत्र चढवलं तर लहान यंत्रही मोठ्यांच्या पंक्तीत बसतं हे त्याने दाखवून दिलं होतं. अडत होतं चुंबकापाशी. सरकारी पैसा आटला, यंत्र बंद पडलं, आणि २०१८ मध्ये त्याच वर्तुळातून कॉमनवेल्थ फ्यूजन सिस्टिम्स ही कंपनी निघाली. स्पार्क तिचाच.

फितीची गोष्ट

मधल्या काळात बदलली ती तार. १९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्यूलर यांनी चिनीमातीसारख्या दिसणाऱ्या एका ऑक्साइडमध्ये तुलनेने ‘गरम’ अतिवाहकता शोधली आणि पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. पण चिनीमातीची तार ओढणार कशी? उत्तर सापडायला दोन-तीन दशकं गेली. आज ती फितीच्या रूपात मिळते: काही मिलिमीटर रुंद, कागदाइतकी पातळ. फितीचा कणा मिश्रधातूचा, आणि त्यावर दुर्मीळ मृदा मूलद्रव्य, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजन यांचा एक-दोन मायक्रॉनचा थर. खरं काम तेवढा थर करतो, बाकी सगळं त्याला सांभाळायला.

२०२१ च्या त्या चुंबकात अशी सुमारे २७० किलोमीटर फीत होती. पोलादी तबकड्यांत वळणावळणाचे खोबण कोरून त्यात फितींचे थर बसवलेले, वर झाळलेले, आणि अशा १६ तबकड्या एकावर एक रचलेल्या. ती साडेचारऐवजी वीस अंश केल्व्हिनवर चालते, आणि हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. साडेचार अंशांवरून एक वॅट उष्णता बाहेर काढायला सिद्धांतानेच किमान ६५ वॅट लागतात. वीस अंशांवरून १४.

आता दुसरी बाजू. चुंबकीय क्षेत्राचाही दाब असतो, तोही वर्गाने वाढणारा. ११.८ टेस्लाचा दाब सुमारे ५५० वातावरणांइतका. २० टेस्लाचा जवळजवळ १,६००. लहान चुंबक म्हणजे हलकंफुलकं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चाचणीत चुंबकाच्या पोलादी आवरणावरचा ताण एक गिगापास्कलच्या जवळ गेला होता. साधं बांधकामाचं पोलाद याच्या बऱ्याच आधी वाकतं.

मुद्दाम जाळलेला कोपरा

त्या पहाटेच्या यशाची बातमी जगभर गेली. त्यानंतर त्याच चुंबकाचं काय केलं, ते मात्र फारसं कुणाला माहीत नाही, आणि या प्रकरणातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रसंग तोच आहे.

अतिवाहक चुंबकाला एकच मोठी भीती असते. कुठेतरी एखादा ठिपका तापतो, तिथली अतिवाहकता जाते, तिथे रोध येतो, रोधाने आणखी उष्णता, आणि बघता बघता साठलेली सगळी ऊर्जा त्या ठिपक्यावर उतरते. याला क्वेंच म्हणतात. या चुंबकात साठलेली ऊर्जा होती ११ कोटी ज्यूल. वीजबिलाच्या भाषेत जेमतेम ३० युनिट. पण ती तीस युनिटं मुठीएवढ्या जागेत काही सेकंदांत उतरली तर धातूचं पाणी होतं. म्हणून नेहमीच्या चुंबकात तारेच्या वेटोळ्यांमध्ये इन्सुलेशन असतं, आणि क्वेंचची चाहूल लागताच ऊर्जा बाहेरच्या मोठ्या रोधकांत ओतून द्यायची यंत्रणा असते. इटरमध्ये तशी आहे. त्याच्या मुख्य कॉइलमध्ये मिळून ४१ अब्ज ज्यूल साठणार आहेत, त्यामुळे ती असणं भागच आहे.

एमआयटीवाल्यांनी इन्सुलेशन काढूनच टाकलं. वेटोळी एकमेकांना उघडी टेकलेली. का? एखाद्या ठिकाणी अतिवाहकता गेलीच तर प्रवाहाला शेजारच्या वेटोळ्यात उडी मारता यावी, आणि उष्णता एका ठिपक्यावर साचण्याऐवजी पसरावी. या क्षेत्रातल्या बऱ्याच जुन्या लोकांना एवढ्या मोठ्या चुंबकात हे करणं अघोरी वाटत होतं. याची एक किंमतही आहे: असं चुंबक सावकाश भरावं लागतं. मुख्य कॉइल तासन्‌तास एकाच प्रवाहावर असते म्हणून तिथे चालतं. कड्याच्या भोकात उभ्या असलेल्या, प्लाझ्मात प्रवाह निर्माण करणाऱ्या सोलेनॉइड नावाच्या कॉइलमध्ये प्रवाह झरझर बदलतो, तिथे चालत नाही. स्पार्कमध्येही तिथे वेगळी केबल आहे.

मग त्यांनी चुंबक मुद्दाम मोडायला घेतलं. शेवटच्या चाचण्यांत भरलेल्या चुंबकाचा बाहेरचा वीजपुरवठा एकदम तोडला. ऊर्जा बाहेर काढायची सोय नाही, जे व्हायचं ते आतच होऊ दे. चुंबक बहुतांश टिकलं, पण आतला काही टक्के भाग जळून वितळला. उष्णता त्यांच्या अपेक्षेप्रमाणे सगळीकडे पसरली नव्हती; एका भागात जास्त गोळा झाली होती. संगणकावरच्या नमुन्याशी हे ताडून पाहिलं, रचना बदलली, आणि २०२४ च्या मार्चमध्ये हे सगळं, जळलेल्या भागासकट, सहा शोधनिबंधांत मांडलं.

लहान यंत्राचा खरा फायदा मला इथे दिसतो. दहा टनांचं चुंबक जाळून पाहणं परवडतं. तीनशे टनांची, वेगवेगळ्या खंडांत वर्षानुवर्षं बनवलेली कॉइल कोण जाळून पाहील? इटरनेही नमुन्याच्या कॉइल तपासल्या होत्या, पण प्रत्यक्षातल्या काही कॉइल बसवण्याआधी थंड करून पाहण्याची सोय २०२४ च्या नव्या आराखड्यात आली आहे.

मोठेपणाचं दुखणं

इटरची अडचण प्लाझ्माची नाही. अजून तिथे प्लाझ्मा झालेलाच नाही. अडचण आहे ती मिलिमीटरची. निर्वात पात्राचे नऊ भाग, प्रत्येक सुमारे ४४० टनांचा, कडेला कड लावून वेल्ड करायचे. २०२२ मध्ये कळलं की काही भागांच्या कडा ठरलेल्या मापात नाहीत, आणि यंत्राच्या वेल्डिंगला त्या चालणार नाहीत. त्याच सुमारास उष्णतारोधक आवरणाच्या थंड नळ्यांना गंजाने चिरा गेलेल्या आढळल्या. २३ किलोमीटर नळ्या बदलायची वेळ आली. मे २०२२ मध्ये वाजतगाजत खड्ड्यात उतरवलेला पहिला भाग २०२३ मध्ये पुन्हा वर उचलावा लागला.

सात भागीदार, त्यात युरोपीय संघ हा स्वतःच अनेक देशांचा गट, आणि प्रत्येकाला आपापल्या कारखान्यांत काहीतरी बनवायचं आहे. ही रचना करारातच आहे, कारण सगळ्यांना हे तंत्र शिकायचं होतं. भारताने बनवलेलं ३,८५० टनांचं क्रायोस्टॅट, म्हणजे सगळं यंत्र सामावणारं बाहेरचं निर्वात पात्र, याच वाटपातून आलं. शिकण्याच्या दृष्टीने उत्तम, वेळापत्रकाच्या दृष्टीने घातक. २००६ मध्ये करारावर सह्या झाल्या तेव्हा पहिला प्लाझ्मा २०१६ चा धरला होता, नंतर २०२५ चा, आणि २०२४ च्या आराखड्यानुसार संशोधनाला सुरुवात २०३४ मध्ये, ड्यूटेरियम-ट्रिटियम २०३९ मध्ये, वर ५०० कोटी युरोंचा वाढीव खर्च.

स्पार्कचीही तारीख सरकली आहे, हे त्याचे चाहते सहसा सांगत नाहीत. आधी २०२५ म्हणत होते, आता २०२७. दोन वर्षं आणि दोन दशकं यांत फरक आहेच, पण लहान म्हणजे वेळेवर असं समीकरण काही निघत नाही.

सव्वा मीटरात काय काय मावतं

शीर्षकातला आकडा इथे येतो. टोकामॅक कड्याच्या आकाराचा, त्यामुळे सगळ्यात अडचणीची जागा म्हणजे कड्याच्या आतलं भोक. यंत्राच्या मध्यरेषेपासून प्लाझ्माच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर मोठ्या त्रिज्येतून लहान वजा केली की मिळतं. इटरमध्ये ४.२ मीटर. स्पार्कमध्ये १.२८.

इटरच्या ४.२ मधले दोन मीटर सोलेनॉइड खातो, मग मुख्य कॉइलची आतली बाजू, आणि तरीही पात्र, कवच आणि भिंत यांना मिळून मीटरभर जागा उरते. स्पार्कच्या १.२८ मध्ये हे सगळंच बसवायचं आहे. चुंबक लहान केलं, तार बदलली, पण एक गोष्ट लहान होत नाही: न्यूट्रॉन. ड्यूटेरियम-ट्रिटियमच्या प्रत्येक संमीलनातली ८० टक्के ऊर्जा घेऊन १४.१ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचा न्यूट्रॉन सुटतो. त्याला चुंबकीय क्षेत्र दिसत नाही. तो द्रव्यात किती खोल घुसतो हे यंत्राच्या आकारावर अवलंबून नसतं. त्याला थोपवायचं, त्याच्याकडून लिथियमपासून ट्रिटियम करून घ्यायचं आणि मागच्या चुंबकाला वाचवायचं, तर मीटरच्या आसपास जाडी लागतेच, मग यंत्र कोणाचंही असो.

मग स्पार्क यातून वाट कशी काढतो? सोपं आहे, तो हे कामच अंगावर घेत नाही. ट्रिटियम बनवणारं ब्लँकेट नाही, कवच बेताचं, आणि प्लाझ्मा चालणार दहा सेकंदांच्या आसपास. एवढ्या वेळात जी उष्णता चुंबकात शिरेल ती त्याचं वस्तुमान सोसून घेतं, मग थांबून पुन्हा थंड करायचं. इटरचा प्लाझ्मा तीनशे ते पाचशे सेकंद चालायचा आहे, आणि ट्रिटियम बनवणाऱ्या ब्लँकेटचे नमुने तपासायला त्यात खास जागा राखली आहे. दोघांच्या आराखड्यात आकडा दहापटीच्या आसपास, पण प्रश्नपत्रिका वेगळ्या. गुणपत्रिका शेजारी ठेवून कोण हुशार हे ठरवणाऱ्यांनी प्रश्नही वाचावेत.

लहान होण्याची आणखी एक किंमत आहे ती डायव्हर्टरपाशी. प्लाझ्मातून निसटलेली उष्णता एका पातळ पदरातून खाली उतरते आणि डायव्हर्टरच्या टाइल्सवर पडते. आजवरच्या यंत्रांवरून दिसतं की कड्याच्या आडव्या छेदाभोवती फिरणारं क्षेत्र जितकं तीव्र तितका हा पदर पातळ. इटरसाठी या नियमाने तो मिलिमीटरभर येतो. स्पार्कसाठी त्याच्याही काही अंशाचा. बंबाचं पाणी सुईच्या नेढ्यातून सोडावं तसं. स्पार्कवाले यावर उपाय म्हणून उष्णता पडण्याची जागा टाइलवर सतत पुढेमागे फिरवणार आहेत, म्हणजे एकच रेघ भाजून निघणार नाही. दहा सेकंदांसाठी ही युक्ती पुरेल. दहा महिन्यांसाठी?

वीजघर करायचं म्हटल्यावर

हा प्रश्न काल्पनिक नाही. कंपनीने २०२४ च्या डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातल्या चेस्टरफील्ड काउंटीत आर्क नावाचं सुमारे ४०० मेगावॅट विजेचं केंद्र उभारायचं जाहीर केलं आहे, २०३० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथे दहा सेकंदांची पळवाट नाही. तिथे ब्लँकेट हवंच, कारण ट्रिटियम निसर्गात जवळजवळ मिळत नाही. त्याचं अर्धायुष्य १२.३ वर्षं, जगातला नागरी साठा मुख्यतः जड पाण्याच्या अणुभट्ट्यांतून येणारा, पंचवीस-तीस किलोंच्या आसपास. हजार मेगावॅट फ्यूजन शक्ती वर्षभर चालवायची तर ५५ किलोंहून जास्त लागतं. स्वतःचं इंधन स्वतः न बनवणारं फ्यूजन केंद्र दुसरं वर्ष पाहणार नाही.

आर्कची मूळ संकल्पना २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्यानंतर तपशील बदलले असणार, पण तिच्यातले आकडे बोलके आहेत. मोठी त्रिज्या ३.३ मीटर. लहान १.१३. मध्यावरचं क्षेत्र ९.२ टेस्ला. म्हणजे आतली जागा १.२८ वरून २.१७ मीटरवर गेली, आणि क्षेत्र स्पार्कपेक्षा उतरलं. वीजघर म्हटल्याबरोबर न्यूट्रॉनने आपली मीटरभर जागा मागून घेतली, आणि यंत्र त्या मापाने फुगलं. आता ते जवळजवळ जेट या जुन्या टोकामॅकच्या आकाराचं झालं आहे. इंग्लंडमधल्या जेटची मोठी त्रिज्या तीन मीटरच्या आसपास होती आणि त्याला त्या काळी कुणी कॉम्पॅक्ट म्हणत नव्हतं. जगातलं सर्वांत मोठं चालू टोकामॅक अशीच त्याची ओळख बरीच वर्षं होती.

तरीही इटरशी, किंवा इटरनंतर यायच्या त्याहून मोठ्या प्रात्यक्षिक केंद्रांशी तुलना केली तर हे लहानच. त्या संकल्पनेत मला भावलेली गोष्ट आकाराची नाही, दुरुस्तीची आहे. मुख्य कॉइल मधोमध उघडता येतील अशा जोडांच्या. वरचा अर्धा भाग उचलायचा, झिजलेलं निर्वात पात्र सबंध काढायचं, नवं ठेवायचं, पुन्हा झाकण लावायचं, आणि हे दर एक-दोन वर्षांनी. पात्राभोवती ब्लँकेट म्हणून वितळलेलं क्षार, लिथियम आणि बेरिलियमच्या फ्लोराइडचं. द्रव असल्यामुळे त्याला न्यूट्रॉनने चिरा पडत नाहीत, ते नुसतं फिरवत राहायचं. भिंत टिकणार नाही हे आधीच मान्य करून केलेली ही रचना आहे. प्रामाणिक वाटते. पण हजारो अँपियर वाहणारा अतिवाहक जोड, त्यावर शेकडो वातावरणांचा दाब, आणि तो उघडून पुन्हा तसाच बसवायचा! असं काम या मापाचं अजून कुणी केलेलं नाही.

लहान आराखड्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलणारे बहुतेक जण प्लाझ्मावर भांडतात. माझ्या मते तो वाद बराचसा मिटला आहे. फितीने आकार कमी केला, आणि बदल्यात इटरमध्ये जी अडचण करारांत आणि वेल्डिंगमध्ये पसरली होती, ती पोलादाचा ताण, टाइलवरची उष्णता आणि भिंतीतले न्यूट्रॉन या तीन ठिकाणी दाबून बसवली. भिंतीवरचा न्यूट्रॉनांचा मारा काढायचा तर गणित अगदी सरळ आहे: फ्यूजन शक्तीच्या ८० टक्के भागिले भिंतीचं क्षेत्रफळ. पूर्ण शक्तीवर स्पार्कमध्ये तो इटरच्या साधारण तिप्पट येतो. दहा सेकंदांत त्याने फारसं बिघडत नाही.

स्पार्क सुरू होईल तेव्हा मथळ्यांत क्यूचा आकडा येईल, एक ओलांडला, दोन ओलांडला, कदाचित दहाही. मी वाट पाहीन ती पहिल्या मोहिमेनंतर पात्र उघडून डायव्हर्टरच्या टाइल्सचे फोटो बाहेर येतात त्याची. त्यावर उष्णतेची रेघ किती रुंद उमटली आहे, ते पट्टी लावून मोजता येईल.